कोणाला काही सांगायचं असेल तर...

काही माणसं समाजाला आरसा दाखवण्यासाठीच जन्माला येतात.

हे वाक्य माझं आहे. अकोल्याच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवत होतो, आणि मराठीच्या प्राध्यापकाला स्वागतगीत बसवणं आणि मानपत्र लिहिणं ही दोन कामं निवृत्तीपर्यंत चुकत नाहीत. वनमाला चर्जन यांच्या मानपत्राचा मसुदा मी त्यांना आधी वाचायला दिला. त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"सर, बापाले पोरगा पायजे व्हता म्हणून मी जन्माले आली. अन् आरसा तं माझ्या खोलीत नाहीच. तुमाले माहीत हाय."

मला माहीत होतं. ओळ मी तशीच ठेवली. मानपत्रात खरं लिहायला लागलं तर कागद कोरा सोडावा लागतो.

चर्जन बाई आता अमरावतीत नाहीत. रिद्धपूरच्या रस्त्याला त्यांच्या भावाची फुलांची वाडी आहे, तिथे राहतात आणि लोकांशी फोनवर लिहून बोलतात. भेटायला येऊ का, असं मी विचारलं होतं. "नका येऊ," असं उत्तर आलं. ज्यानं त्यांना ओळखलं त्याला हे उत्तर लागत नाही. ज्यांनी ओळखलं नाही त्यांनी त्यांना जन्मभर उद्धट म्हटलं, आणि असे लोक संख्येनं जास्त होते.

त्या समुपदेशक होत्या. मुलांच्या नव्हे, मोठ्या माणसांच्या. ज्यांच्या मेंदूची घडण इतरांपेक्षा वेगळी असते, ऑटिझम म्हणा, एडीएचडी म्हणा, आणि ज्यांना ते तिशी-चाळिशीपर्यंत कोणी सांगितलेलंच नसतं, अशी माणसं त्यांच्याकडे येत. मी राहायला अमरावतीत होतो; तिथे माझ्या घरासमोर तळमजल्यावर त्यांची एक खोली होती. वडिलांचा पिढीजात फुलांचा धंदा. माळ्यानं मुलीचं नाव वनमाला ठेवावं यात कल्पकता कमी आणि मालाची नोंद जास्त दिसते, असं त्या स्वतःच म्हणत.

आधी त्या एका रुग्णालयात नोकरीला होत्या. तिथल्या वरिष्ठांचं म्हणणं, बाई रुग्णाच्या डोळ्यात पाहून बोलत नाहीत, चेहऱ्यावर सहानुभूती दिसत नाही. रुग्णांची तक्रार नव्हती. रुग्ण दुसऱ्या समुपदेशकाकडे जायला तयारच नसत, हीच खरं तर त्या वरिष्ठांची तक्रार होती. चाळिशी उलटल्यावर एका रुग्णासाठी प्रौढांमधल्या ऑटिझमबद्दल वाचत असताना बाईंना कळलं, की हे तर आपलंच चाललंय.

"मले वाटलं, माझ्यावर पाळत ठेवून लिहिलं कोणी तरी," त्या म्हणाल्या होत्या.

"रडलात?" मी विचारलं.

"नाही. झोपली. गाढ."

मग नोकरी सोडून त्यांनी ही खोली घेतली.

"कशा आहात?" असं त्यांना विचारणं धोक्याचं असे. त्या सांगत. पाठ दुखते, काल झोप नाही झाली, तुमच्या स्कूटरचा आवाज सहन होत नाही. पंगतीत वाढप्यानं "अजून एक घ्या ना, माझ्यासाठी" म्हटलं, तर त्या विचारत, "तुमच्यासाठी मी काहून खाऊ? तुमी खा." आपल्याकडे "नको" म्हणजे "अजून दोनदा विचारा" असा अर्थ असतो. बाईंच्या "नको"चा अर्थ नको असा होता. एवढ्यावरून निम्म्या नातेवाइकांनी त्यांना पंगतीला बोलावणं बंद केलं, आणि हे आपल्यावर झालेले उपकार आहेत असं बाई मनापासून मानत.

पर्समध्ये कापूस असे. मेडिकलमधला गुंडाळीचा नव्हे, अकोटच्या जिनिंगमधल्या कुणा ओळखीच्यानं दिलेला, सरकी काढलेला खरा कापूस. डीजे, बँड, लाऊडस्पीकर, मंत्रिमहोदय, यांपैकी काहीही जवळ आलं की बाई शांतपणे बोळे करून कानात घालत. समोर कोण बोलतंय हे पाहत नसत.

खोलीला बेल नव्हती. ट्यूबलाइट काढून टाकलेली. दोन खुर्च्या शेजारीशेजारी, दोन्हींचं तोंड खिडकीकडे, म्हणजे कुणाला कुणाच्या डोळ्यात पाहावं लागू नये. दारावर एक पुठ्ठा: आत कोण आहे, काय विचारतील, काय विचारणार नाहीत, मध्येच उठून जायचं असेल तर कसं जायचं. आणि मधल्या स्टुलावर टोपलीत भावाच्या वाडीतली शेवंती, झेंडू, सुया आणि दोरा. आलेल्या माणसानं वाटलं तर बोलावं, वाटलं तर नुसता हार ओवावा.

"आमच्या घरी बाया हार ओवता ओवता जे बोलत ना, ते समोरासमोर कधीच बोलल्या नाहीत," बाईंनी एकदा सांगितलं. "हात कामात अन् डोळे फुलात असले का माणूस खरं बोलते. हे मले शिकवाले कोणत्या विद्यापीठाची गरज नोती. पण डिग्री घ्या लागली, नाहीतर भाड्यानं खोली देत नाहीत."

झालेले हार संध्याकाळी भाऊ दुकानात नेई. हार जिथे जातात तिथे ते जात.

आत कोण काय बोललं ते बाईंच्या तोंडून कधी कुणाला कळलं नाही. पण नातेवाइकांना त्या आत घेत नसत. त्यांच्याशी बाहेर पायरीवर, उभ्यानं बोलत; आणि पायरी माझ्या ओट्यासमोर होती. त्यामुळे त्यांचा राग मला चांगला ठाऊक आहे.

एकदा एक बाई आपल्या इंजिनीअर मुलाला घेऊन आल्या. मुलगा आत जाऊन बसला. आई पायरीवर.

"मॅडम, लाखात एक पोरगा हाय माझा. फक्त त्याले नॉर्मल करून द्या. पोरीवाले येतात, हा खाली पाहून बसते. हसत बी नाही."

"तुमी हसा बरं," चर्जन बाई म्हणाल्या.

"मी? आता?"

"हो. आत्ता. हसा. मी पाहून राहिली."

त्या माउलीनं प्रयत्न केला. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

"जमते का? अन् तुमी तं माझ्या एकटीसमोर उभ्या हात. त्याच्यासमोर चार सोफे भरून माणसं बसवता, पोहे देता, अन् म्हणता हस. वरून म्हणता नॉर्मल नाही. जनावराच्या बाजारात बैल हसते का?"

"मग काय करू जी मी?"

"त्याले एका पोरीशी, एकटं, बागेत चालता चालता बोलू द्या. अन् घरी जाताना त्याले बोलत बसू नका. थकला असंल तो."

त्या बाई चिडूनच गेल्या. पण पुढच्या शनिवारी मुलगा एकटा आला, आणि येत राहिला.

"स्वमग्नता" हा सरकारी मराठी शब्द बाईंना चालत नसे. "स्वतःत मग्न तं अध्यक्ष असतात," त्या म्हणत. "आमी दुसऱ्याकडं इतकं ध्यान देतो का त्यानं डोकं दुखते."

अध्यक्ष म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष, नानासाहेब. आता त्यांच्याकडे वळायला हवं, कारण बाई अकोल्याला आल्या त्या त्यांच्यामुळे.

नानासाहेबांचा वाढदिवस महाविद्यालयात साजरा होई. ढोल, पुष्पवृष्टी, प्राध्यापकांची रांग, हार, पाया पडणं. भाषणाच्या शेवटी नानासाहेबांचं एक ठरलेलं वाक्य असे: "हे माझं कुटुंब आहे. मी तुमचा बाप आहे. कोणाला काही सांगायचं असेल तर आत्ता, इथे, उभं राहून सांगा!" यावर टाळ्या वाजवायच्या असतात, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

प्रा. श्रीकांत ढोक यांना माहीत नव्हतं. म्हणजे वर्षानुवर्षं ते इतरांबरोबर टाळ्या वाजवत आले होते. पण त्या वर्षी त्यांना खरोखरच काही सांगायचं होतं, आणि अध्यक्ष स्वतः विचारत होते. ढोकसर उठले. ते संख्याशास्त्र शिकवत. चांगलं शिकवत, हे सांगायला हवं, कारण पुढे ते कुणीच विचारलं नाही.

"सर, मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत," ते म्हणाले. "कॉम्प्युटर लॅबचं उद्घाटन झालं, पण किल्ली तुमच्या भाच्याकडे असते, त्यामुळे प्रॅक्टिकल होत नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही. आणि हा स्पीकर फार मोठा आहे." मग बसता बसता, "आणि तुम्ही माझे वडील नाही. माझे वडील अकोटला असतात."

मागच्या बाकांवरून टाळ्या आल्या. सभागृहाच्या इतिहासातल्या पहिल्या मनापासूनच्या.

मुद्द्यांना कुणी खोटं म्हटलं नाही. मुद्द्यांना कुणी हातच लावला नाही. आठवड्याभरात ढोकसरांना पत्र आलं: आपले मानसिक संतुलन ठीक नसल्याचे निदर्शनास आले असून सुधारणा झाल्याचे प्रमाणपत्र सादर करेपर्यंत आपणास अध्यापनातून मुक्त करण्यात येत आहे. पाण्याची तक्रार केली की संतुलन जातं, पाणी नसलं की जात नाही.

सुधारणेची सोय संस्थेनंच केली. नानासाहेबांचा भाचा व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं घेई. त्यात आरशात पाहून हसायचं, शेजाऱ्याच्या डोळ्यात टक लावून पाहायचं, शेवटी मोठ्या आवाजात गाणं लावून एकमेकांना मिठ्या मारायच्या. ढोकसर तिथून बाहेर आले आणि गेटशी त्यांना ओकारी झाली. भाच्यानं शेरा दिला: सहभागात उत्साह नाही.

तेव्हा मी त्यांना म्हटलं, शनिवारी माझ्यासोबत अमरावतीला चला. मी अमरावतीहून रोज येजा करत असे. बडनेऱ्याला उतरून आम्ही ऑटो केला.

चर्जन बाई पायरीवर आल्या. नमस्कार वगैरे केला नाही.

"आत दोन खुर्च्या हायेत. खिडकीजवळची तुमची. बोलाचं नसंल तं बोलू नका. हात रिकामे नको असतील तं सुई हाय."

"हार कोणासाठी?" ढोकसरांनी विचारलं.

"गिऱ्हाइकासाठी."

"खरं गिऱ्हाईक?"

"मंग का खोटं?"

ढोकसर आत गेले. परतीच्या गाडीला सोडायला मी बडनेऱ्यापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, "शिबिरात मला खोटं काम दिलं होतं. इथे फुलं खरी आहेत."

पुढचे कित्येक शनिवार ते येत राहिले. वर्ग नसले तरी सहीला ते रोज महाविद्यालयात येत; त्यांच्यात फरक पडला आणि तो आमच्या स्टाफरूमला मुळीच आवडला नाही. पूर्वी कुणी विनोद केला की ढोकसर सगळ्यांच्या मागून, जरा उशिरानं हसत. आता विनोद विनोदी नसला तर ते हसेनासे झाले. म्हणजे जवळजवळ कधीच नाही. बोलताना खिडकीबाहेर पाहू लागले. बोटांत दोऱ्याचा तुकडा फिरवू लागले. आवाज वाढला की उठून जाऊ लागले. सगळ्यांचं एकमत झालं, की बाईंनी ढोकसरांना पार बिघडवलं. मी ते बाईंना सांगितलं.

"म्हणजे बरोबर चालू हाय," त्या म्हणाल्या.

मग चौकशी समिती बसली. त्यात एक वकील, एक निवृत्त अधिकारी आणि तिसरा भाचा, ज्याच्या किल्लीची तक्रार होती तोच. ढोकसरांना सोबत एक सहकारी आणता येत होता, त्यांनी मला नेलं. चर्जन बाईंना समितीनं बोलावलं होतं ते प्रमाणपत्र घेऊन या म्हणून. बाई प्रमाणपत्राशिवाय आल्या.

"मॅडम, सरळ सांगा," वकील म्हणाले. "हे बरे होतील का?"

"बरे व्हाले ते बिमार कुठी हायेत?"

"मग सुधारणा?"

"सुधारणा रस्त्याची होते. आपल्या इथं त्याची बी होत नाही."

भाचा पुढे सरसावला. "मॅडम, शिक्षकाला आत्मविश्वास लागतो. हे गृहस्थ डोळ्यात पाहून बोलत नाहीत. त्यावर तुम्ही काय काम केलं?"

"तुमी मघापासून माझ्या डोळ्यातच पाहून राहिले," बाई टेबलाकडे पाहत म्हणाल्या. "मी आतापर्यंत काय बोलली, एक वाक्य सांगा."

भाचा समोरची फाइल चाळू लागला.

"पाहणं अन् ऐकणं ह्या दोन गोष्टी हायेत बाप्पा. काही जणाले एका वेळी एकच जमते. ढोकसर ऐकतात. तुमी पाहता." मग त्या ढोकसरांकडे वळल्या. "सर, घरचं सांगू का ह्यायले?"

ढोकसरांनी विचार केला. "सांगा."

आणि मग बाईंचा आवाज चढला. एरवी सपाट बोलणाऱ्या बाईंचा.

"हा माणूस रोज सकाळी आरशासमोर हसाची प्रॅक्टिस करून येत व्हता. कोणी 'काय ढोक' म्हटलं तं काय म्हणाचं, ते पाठ. कोणाच्या पाठीवर कधी थाप द्याची, ते पाठ. घरी गेला का दिवे बंद करून फरशीवर पडून राहे, जेवाची ताकद नसे. तुमाले वाटे, किती चांगला माणूस हाय, किती मिळून मिसळून राह्यते! जन्मभर सोंग केलं त्यानं तुमच्यासाठी. त्याच्या बापानं सांगितलं कर, मास्तरनं सांगितलं कर. आता तो थकला, तं तुमी म्हणता अजून एक अंक कर, अन् मी त्याची तालीम घेऊ? अन् त्यानं गुन्हा काय केला? नानासाहेबानं म्हटलं सांगा. त्यानं सांगितलं. आयकाचं नोतं तं इचारलं काहून?"

निवृत्त अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास बाईंकडे सरकवला. बाईंनी तो परत सरकवला.

मग त्यांनी अपंगांच्या हक्कांच्या कायद्याची एक प्रत टेबलावर ठेवली. ऑटिझम त्यात आहे. त्यावरून माणसाला नोकरीतून काढता येत नाही. वकिलांनी ते दोनदा वाचलं. वकील असूनही त्यांना ते नवीन होतं असं दिसलं.

निकाल आला. नोकरी कायम. मात्र "संबंधितांच्या शांत स्वभावास अनुसरून" त्यांची नेमणूक परीक्षा विभागाच्या गोदामात. कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि ढोकसर. हा निर्णय सहानुभूतीनं घेतल्याचं त्यात दोन ठिकाणी लिहिलं होतं. आपल्याकडे माणसाला अडगळीत टाकायचं असलं की आधी सहानुभूती काढतात, टेम्पो नंतर येतो.

मी गोदामात गेलो. ढोकसर गठ्ठे नीट लावून बसले होते.

"इथे शांत आहे," ते म्हणाले. आणि एक गठ्ठा सरळ करत, "पण मला शिकवायचं आहे."

हे मी बाईंना सांगितलं. मंगळवारी सकाळी बाई शेवंतीची टोपली घेऊन अकोल्याला आल्या, नानासाहेबांच्या दालनाबाहेरच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि हार ओवत बसल्या. त्या मंगळवारी, पुढच्या मंगळवारी, त्याच्या पुढच्याही. घोषणा नाही, फलक नाही. शिपायानं विचारलं, "बाई, उपोषण हाय का?"

"नाही बा. जेवून आली मी."

स्थानिक पेपरचा एक वार्ताहर आला. "आपल्या मागण्या काय आहेत?"

"मागण्या नाहीत. नानासाहेबानं म्हटलं व्हतं, कोणाले काही सांगाचं असंल तं सांगा. मी सांगाले आली. ते कामात हायेत म्हणे. म्हणून बसली."

वार्ताहरानं हे जसंच्या तसं छापलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे त्याचं मोठेपण.

भाचा येऊन म्हणाला, "मॅडम, हे बरं दिसत नाही."

"मंग पाहू नका. दुसऱ्या दारानं जा."

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी एक गोष्ट झाली. आमचे कार्यालय अधीक्षक, ज्यांच्या पावलांचा आवाज आला तरी टायपिंगचा वेग वाढे, ते जेवणाच्या सुटीत येऊन सतरंजीच्या कडेला बसले. सुई उचलली. एक शब्द न बोलता हार ओवला, बाईंसमोर ठेवला आणि गेले. मग ते दर मंगळवारी येऊ लागले. मग लेखाविभागातल्या एक बाई. त्यांचं काय होतं, मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असेल त्या सांगणार नाहीत. ढोकसरही गोदामातून येत आणि सुटी संपेपर्यंत ओवत. त्यांचे हार लगेच ओळखू येत. तीन पांढरी, एक पिवळं, शेवटपर्यंत चूक नाही.

विद्यापीठाची तपासणी समिती येणार असल्याची खबर लागली, आणि त्याच आठवड्यात नानासाहेबांना व्हरांडा दिसला.

"बोला ताई," ते उभ्यानंच म्हणाले. "काय सांगायचंय?"

"ढोकसराले वर्ग द्या. सूचना काय असंल ते लिहून द्या, हवेत बोलू नका. ढोल वाजणार असंल तं आदल्या दिवशी सांगा. अन् लॅबची किल्ली लॅबमध्ये ठेवा."

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढ्यासाठी इतके मंगळवार बसलात?"

"तुमी पयल्या मंगळवारी बाहेर निंगले असते तं एकच लागला असता."

ढोकसरांना वर्ग मिळाले. लेखी आदेश निघाला. "यापुढील सर्व सूचना संबंधितांस लेखी देण्यात याव्यात," अशी ओळ त्यात बाईंनी उभं राहून घालून घेतली. बाईंचं काम झालं होतं. नानासाहेबांचं आता सुरू झालं. ज्या संस्थेनं माणसाला गोदामात टाकलं, तिनं त्याला गोदामातून काढल्याबद्दल स्वतःचं अभिनंदन करायचं ठरवलं. "समावेशक परिसर, सुसंस्कृत परिसर" असा फलक छापला. तपासणी समितीच्या उपस्थितीत वनमाला चर्जन यांचा भव्य सत्कार. मानपत्र माझ्याकडे.

"जाणार तुम्ही?" मी बाईंना विचारलं.

"त्यानं बोलावलं. मी तवा हो म्हटलं. हो म्हटलं तं जाणं आलं. पत्रिकेवर अकरा लिहिलं हाय. अकराले येतो."

अकराला त्या आल्या. मांडववाले अजून दोऱ्या बांधत होते. मंचावर मी, एक माइकवाला आणि रिकाम्या खुर्च्या. भावाच्या दुकानातून आलेली हारांची टोपली कोपऱ्यात ठेवलेली. बाई आपल्या नावाची चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"कुठी हायेत सगळे?"

"येतील, मॅडम. अकरा म्हणजे साधारण..."

"अकरा म्हणजे अकरा, सर."

थोडा वेळ त्या बसून राहिल्या. मग गेटकडे ढोलपथकानं हात गरम करायला सुरुवात केली. बाईंनी पर्समधून कापूस काढला, बोळे केले, कानात घातले आणि उठल्या.

"चालली मी. मी आली व्हती, तुमी पाह्यलं."

मी मंचावरून पाहत राहिलो. कंपाउंडच्या भिंतीला धरून, बोटांनी विटांवर हलकेच ठोकत त्या गेटपर्यंत गेल्या. ढोलवाल्यासमोर थांबल्या. काहीतरी म्हणाल्या. त्यानं टिपरू खाली केलं आणि त्या रस्त्याला लागेपर्यंत खालीच धरून ठेवलं. वाजवू नको म्हटलं तर माणूस थांबतो, हे आमच्या संस्थेत कुणी कधी करून पाहिलं नव्हतं. संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा समोरच्या खोलीला कुलूप होतं; बाई भावाच्या वाडीवर गेल्या होत्या. त्यानंतर मी बाईंना पाहिलेलं नाही.

नानासाहेब दुपारी आले. पाहुणे आले होते, फोटोग्राफर आला होता, थांबणं शक्य नव्हतं. सत्कार खुर्चीचा झाला. पाठीवर शाल, बैठकीवर नारळ. तिच्यासमोर उभं राहून मी मानपत्र वाचलं. काही माणसं समाजाला आरसा दाखवण्यासाठीच जन्माला येतात, यावर टाळ्या पडल्या. नानासाहेब भावुक झाले. सवयीनं शेवटच्या वाक्यावर आले, "मी तुमचा बाप आहे, कोणाला काही सांगायचं..." आणि मधेच थांबून त्यांनी पाणी मागितलं.

त्यांच्या गळ्यात त्या वेळी जो हार होता त्यात तीन पांढरी, एक पिवळं, असं शेवटपर्यंत होतं.

ढोकसर सभागृहात नव्हते. त्यांना आता इतकंही कळत नाही का, अशी कुजबुज झाली. कार्यक्रमामुळे त्या दिवसाचे सगळे तास रद्द झाल्याचं सकाळी लाऊडस्पीकरवरून जाहीर झालं होतं, लेखी कुणी काही दिलं नव्हतं. त्यामुळे संस्थेच्या त्या ऐतिहासिक दिवशी महाविद्यालयात एकच तास झाला, आणि तो संख्याशास्त्राचा होता.